कोपरांखालच्या गाद्या

मिस्त्रींना किळस यायची ती माणसांची. सायकलीचं त्यांना कधीच वावडं नव्हतं. साखळीचं काळं तेल मनगटापर्यंत माखलं असलं तरी ते त्याच हाताने चहाचा कप उचलत. पण माणसाच्या अंगातून निघालेला एखादा वाळका थेंब सायकलीवर दिसला, की त्यांचं नाक वर जायचं, ओठ खाली यायचे आणि तोंडातून लांबलचक "शीऽऽ" बाहेर पडायचं. खोड लहानपणापासूनची. सख्ख्या बहिणीचा उष्टा पेला त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. वर्गात शेजारच्याला सर्दी झाली की हे दप्तर उचलून मागच्या बाकावर. त्याच बहिणीची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने मामाचं नामकरण करून टाकलं, शीमामा. आता ती चोवीस वर्षांची घोडी झाली, तरी लाडात आली की शीमामाच म्हणायची.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काम काय आलं, तर ट्रायथलॉनवाल्यांच्या सायकली त्यांच्या अंगाला बसवून देण्याचं. ट्रायथलॉन म्हणजे आधी मैलभर पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकल हाणायची आणि ती फेकून लगेच धावत सुटायचं. हे सगळं हौसेने, कोणी मागे लागलेलं नसताना. त्यांच्या सायकलीही साध्या नसतात. पुढे दोन शिंगं निघालेली असतात, ती हातांनी धरायची, आणि शिंगांच्या मुळाशी दोन वाट्या असतात, त्यांत कोपरं टेकवायची. पाठ आडवी, डोकं खाली, ढुंगण वर. मिस्त्री म्हणत, हे लोक सायकलीवर बसत नाहीत, पालथे पडतात.

सायकल दिसायला मात्र देखणी. काळी, गुळगुळीत, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. पण अंगाला नीट बसली नाही तर ती छळ करते. सीट बोटभर वर राहिली तर कंबर डावी-उजवी डुलते, बोटभर खाली गेली तर गुडघे बोंबलतात. वाट्या पुढे गेल्या तर खांदे भरून येतात, मागे आल्या तर श्वास कोंडतो. मिस्त्री गिऱ्हाइकाला जागच्या जागी चालणाऱ्या स्टँडवर चढवत, त्याच्याच बुटांत, त्याच्याच चड्डीत, आणि अर्धा तास नुसते पायडल मारायला लावत. माणूस थकला की खरा बसतो, तोवर तो आरशात बघून बसलेला असतो, असं त्यांचं मत. मग गुडघ्यावरून ओळंबा सोडायचा, कमरेचा कोन मोजायचा, सीट दोन मिलिमीटर पुढे, पुन्हा चालव. या कामात त्यांचा हात धरणारा त्या शहरात कोणी नव्हता. लोक लांबून येत.

येत आणि घाण घेऊन येत. चार-पाच तास पालथं पडलेल्या माणसाचा घाम जातो कुठे? नाकाच्या शेंड्यावरून थेट वाट्यांवर. त्यात लाळ, शेंबूड, आणि शर्यतीत चोखायचा तो साखरेचा चिकट पाक. वाट्यांवर स्पंजच्या दोन गाद्या असतात, चिकटपट्टीने बसवलेल्या. त्या हे सगळं पिऊन घेतात. गादीखाली दोन-दोन बोल्ट, त्यांच्यावर ती वाटी धरलेली, आणि वाटीवर माणसाचा अर्धा भार. खारट पाणी स्पंजातून झिरपतं आणि बोल्ट गुपचूप खातं. वरून काही कळत नाही.

म्हणून मिस्त्रींचा नियम होता. सायकल कितव्यांदाही येवो, गाद्या सोलून काढायच्या, चारही बोल्ट बाहेर घ्यायचे, पुसायचे, ग्रीस लावून पुन्हा बसवायचे. मग सायकलीच्या कार्डावर शेवटच्या ओळीत सही. ओळ त्यांनीच छापून घेतली होती: 'गाद्या काढून बोल्ट पाहिले.' दुकान त्यांच्या भावोजींचं, बहिणीच्या नवऱ्याचं. भावोजींना सायकलीतलं फारसं कळत नसे, पण बोलण्यात कोणाला ऐकायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या नाकापुढे ते कार्ड नाचवत आणि म्हणत, "ही सही बघितली ना? आता डोळे मिटून चालवा." चारचौघांत ते मिस्त्रींना 'तुम्ही' म्हणत, ते या सहीमुळेच. घरी 'तू' आणि 'अरे ऐक' होतं.

मिस्त्रींच्या किळसेच्या यादीत पहिला नंबर डॉक्टरांचा. दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, स्वतःचे दात आरशासारखे. अंग मात्र डबल रोटीसारखं. त्यांना सायकल हवी असायची जगज्जेत्याच्या फोटोतल्यासारखी. वाट्या खाली, अजून खाली. पोट मांडीला लागतंय हे त्यांना पटायचं नाही.

"डॉक्टर, वाकताय की दुमडताय?" मिस्त्री विचारत.

"होईल हो सवय."

"पोटाला कसली सवय होणार? ते जाणार कुठे?"

डॉक्टर हसत. माणूस दिलाचा बरा होता, पण एकदा त्यांनी सहज सांगून टाकलं, की लांबच्या शर्यतीत ते लघवीला थांबत नाहीत. उतारावर, चालत्या सायकलीवरच.

"म्हणजे?" मिस्त्रींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे काय, सुटायचं. तीन मिनिटं वाचतात. वरून पाण्याची बाटली ओतायची. सगळेच करतात हो!"

मिस्त्रींच्या हातात त्या क्षणी त्याच सायकलीची सीट होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, मोरीत गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. त्यानंतर निळे रबरी हातमोजे आले, आणि डॉक्टरांची सायकल आली की मिस्त्री तोंडाने श्वास घेऊ लागले.

पुढे एकदा डॉक्टर बाहेरगावची शर्यत संपवून आले. सायकल न पुसता, होती तशीच त्यांनी पिशवीत कोंबली होती आणि ती पिशवी आठ दिवस गाडीच्या डिकीत, उन्हात. मिस्त्रींनी पिशवीची चेन ओढली आणि आतून जो भपका आला, तो नाकातून सरळ पोटात उतरला. आंबलेला पाक, शिळा घाम, मुताचा उग्र दर्प. गाद्यांवर करडी बुरशी, तिच्यावर केस. मिस्त्री मोरीपर्यंत पोहोचले, एवढंच. उलटी झाली. चूळ भरून परत आले, हातमोजे चढवले, हात पुढे केला आणि तो गादीपर्यंत जाईचना. दोनदा गेला, दोनदा मागे आला. डॉक्टरांची तक्रार फक्त सीटची होती. मिस्त्रींनी सीट नीट केली, लांबूनच पाण्याचा फवारा मारला, वाटी वरून हलवून पाहिली. हलली नाही. घट्ट आहे की, ते स्वतःशी म्हणाले. मग कार्ड घेतलं आणि सगळ्या ओळींवर सही केली. शेवटच्याही.

वीस वर्षांत पहिल्यांदा. घरी जेवताना त्यांनी बायकोला त्या वासाचं वर्णन करून तिचंही जेवण बिघडवलं. सहीबद्दल काही बोलले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

चार महिने गेले. डॉक्टरांनी नवी सायकल घेतली. इकडे मिस्त्रींच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी दहा दिवस रजा टाकली. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, डोळ्याच्या कोपऱ्यात साचलेला पिवळा चिकट मळ ओल्या कापसाने टिपायचा. बायको म्हणाली, "तुम्हाला नाही जमायचं, तुमच्या ताईंना बोलवा." पण जमलं. पहिल्या दिवशी तोंड जरा वाकडं झालं, दुसऱ्या दिवशी तेही नाही. बायकोने एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत विचारलं, "शी नाही म्हणालात?" मिस्त्रींनाही आपलं नवल वाटलं.

रजा संपवून ते दुकानात आले तेव्हा स्टँडवर भाची पालथी पडून पायडल मारत होती. तिची पहिली मोठी शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वर्षभर ती पहाटे पोहायला जात होती, आपल्या जुन्या जड सायकलवर घाम गाळत होती. आज खाली होती ती काळी, देखणी सायकल.

"मामा, बघ! बाबांनी दिली. डॉक्टरकाकांची जुनी!"

भावोजी काउंटरमागून फुलून आले होते. "तुम्ही नव्हता म्हणून काही अडलं नाही, मिस्त्री. कार्ड होतंच. सगळं तपासलेलं, सही ठोकलेली. मी नुसती धुऊन पुसून दिली. गाद्या तेवढ्या बदलल्या. जुन्या वाळून चिकटून बसल्या होत्या, निघेनात, म्हणून नव्या गाद्या जुन्यांच्या वरच गोंदाने डकवल्या. जाम हलत नाहीत आता."

मिस्त्रींची नजर वाट्यांवर गेली. जुन्यांच्या वरच. म्हणजे ती बुरशी, ते केस, ते सगळं अजून तिथेच होतं आणि त्यावर पोरीची कोपरं टेकली होती.

"किती चालवलीस?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर. काल धरणाच्या उतारावर साठच्या वर गेले. मामा, उडते रे ही!"

साठचा वेग, उतार, आणि सगळा भार त्या दोन वाट्यांवर. मिस्त्री खाली वाकले. सीट ठीक होती, गुडघे ठीक होते. उजव्या वाटीच्या खालच्या कडेला एक तपकिरी ओघळ वाळला होता, नखाएवढा. त्यांनी बोटाने पुसला. हातमोजा घालायचं राहून गेलं होतं.

"गाद्या काढाव्या लागतील," ते म्हणाले.

"आता?" भावोजी उसळले. "गोंदाने बसवल्यात, काढायला गेलात तर चिंध्या होतील. या मापाच्या दुसऱ्या नाहीत दुकानात, मागवल्या तर आठवडा. उद्या शर्यत आहे पोरीची! आणि कशासाठी? तुमचीच सही आहे की."

नेमके डॉक्टरही तिथेच होते. नवी सायकल धुवायला आणली होती आणि भाचीला शुभेच्छा द्यायला थांबले होते. सगळे मिस्त्रींकडे बघत होते. खरं सांगायला तोंड उघडलं खरं, पण बाहेर पडलं भलतंच. "वास येतोय," मिस्त्री म्हणाले. "शी. मला सहन होत नाही."

भाची खळखळून हसली. "झालं सुरू शीमामाचं!"

"अरे, तुझ्या नाकापायी शर्यत घालवणार का तिची?" भावोजी ओरडले. गिऱ्हाइकासमोर त्यांच्या तोंडून 'तुझ्या' गेलं.

मिस्त्रींनी ऐकलं नाही. पातळ सुरी घेतली, भाचीला खाली उतरवलं आणि वाटीच्या कडेने सुरी फिरवली. नवी गादी फाटत निघाली, तिच्याबरोबर जुनी. तोच भपका, चार महिने मुरलेला. भावोजी रुमाल लावून मागे सरले. मिस्त्रींनी काळा झालेला लगदा उघड्या बोटांनी खरवडला. खाली बोल्टची डोकी दिसली, फुगलेली, पापुद्रे सुटलेली. त्यांनी एकात पाना घातला आणि जरासा जोर दिला. डोकं पान्याबरोबर हातात आलं. दुसऱ्याचंही आलं. डावी गादीही सोलली, तिथलाही एक असाच निघाला. म्हणजे चारांतल्या एका बोल्टवर आणि गंजाच्या चिकट्यावर त्या दोन्ही वाट्या तरल्या होत्या. रस्त्यात एक खड्डा पुरे होता.

 मग भावोजींचा बांध फुटला. त्यांनी मिस्त्रींना मिठीच मारली. "नाक आहे की काय आहे तुमचं! पोर वाचवलीत हो माझी!" आणि गर्रकन डॉक्टरांकडे वळले. "आणि तुम्ही! अंगाची घाण सगळी सायकलीवर सोडायची आणि तीच दुसऱ्याच्या लेकराला द्यायची?"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "मला खरंच कल्पना नव्हती," ते म्हणाले. "मी धूत नव्हतो, खरं आहे. घाणेरडा माणूस आहे मी. मिस्त्री मला किती वेळा बोलले. चूक माझीच आहे." आणि ते भाचीला म्हणाले, "बाळा, माफ कर मला."

भाची ते तुटके बोल्ट तळहातावर घेऊन उभी होती. "पण मामा," ती म्हणाली, "चार महिन्यांपूर्वी तू पाहिलेस तेव्हा हे चांगले होते ना? चार महिन्यांत एवढं होतं?"

"होतं," मिस्त्री म्हणणार होते. शब्द जिभेवर आला होता. त्यांचं म्हणणं खोडणारा तिथे कोणी नव्हता. नावाचा डंका वाजला असता, आणि डॉक्टर आयुष्यभर मान खाली घालून फिरले असते. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या सावलीला उभं राहायला नको वाटायचं, तो माणूस आपली घाण भर दुकानात कबूल करून उभा होता. आणि आपण त्याच्यावर आपली पुसायला निघालोय. मिस्त्रींना अशी शिसारी आली, की तशी ती पिशवी उघडल्यावरही आली नव्हती. मोरीत जाऊन ती ओकता येण्यासारखी नव्हती.

"मी पाहिलेच नव्हते," ते म्हणाले.

"काय?"

"बोल्ट. त्या दिवशी गाद्या काढल्या नाहीत मी. वास सहन होईना. तशीच सही केली." आवाज त्यांना स्वतःलाही परका वाटला. "डॉक्टरांचा दोष नाही. लोक घाण करणारच. ती काढायलाच मला ठेवलंय."

भावोजींचा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो खाली आला. "अजून किती सायकलींचं असं केलंयस?"

"ही एकच."

"कशावरून?"

 वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांची सही देत आली होती.

डॉक्टर आपली नवी सायकल घेऊन दारापर्यंत गेले, मग थांबले, परत आले आणि ती भिंतीला टेकवून म्हणाले, "हिच्याही बघा. आज नको. जमेल तेव्हा." त्यांनी हे चांगुलपणाने म्हटलं की संशयाने, ते मिस्त्रींना कळलं नाही, आणि विचारायचं तोंडही नव्हतं.

काम मात्र करायचं होतं. मिस्त्रींनी वाटीत अडकलेले बोल्टचे तुकडे ड्रिलने काढले, आटे साफ केले, टूथब्रशने एकेक खाच घासली. काळं पाणी बोटांवरून मनगटावर आलं, त्यांनी ते पुसलं नाही. नवे स्टीलचे बोल्ट घातले, ग्रीस लावलं, मापाच्या पान्याने नेमके आवळले. गाद्यांसाठी व्यायामाची एक चटई कापली, दुहेरी केली, कोपराच्या आकाराने छाटली. भाचीला पुन्हा स्टँडवर चढवून अर्धा तास बघितलं, उजवी वाटी तीन मिलिमीटर आत घेतली. तिची पाठ फळीसारखी स्थिर झाली. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नसेल.  

"झालं," मिस्त्री शेवटी म्हणाले. "उद्या बिनघोर चालव."

ती उतरली. सायकल घेऊन निघेल असं त्यांना वाटलं, पण तिने चटईचे ते दोन तुकडे सोलून काढले, त्यांच्या हातातला पाना घेतला आणि खाली बसली. पहिला बोल्ट तपासला. मग दुसरा. मग तिसरा. मामाकडे एकदाही न बघता, जीभ दातांत धरून, लहानपणी पाटीवर अक्षर गिरवायची तशी. चौथा झाल्यावर तिने सीटचाही तपासला आणि मग चाकांचे.

मिस्त्री शेजारी उभे होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. चूक एकही निघाली नाही. पोरगी बरोबरच करत होती, दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्यांनीच तिला तसं करायला सांगितलं असतं.